तळवडेकरबाईंचा शनिवार

मला एक सांगा, घरी गावठी अंडी घेऊन येणाऱ्या बाईला 'शी, जरा धुऊन आणत जा' असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?

बोरिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे वाक्य दर आठवड्याला कुणी ना कुणी म्हणायचं. माझी आई म्हणायची. मीही एकदा म्हटलं आहे. तळमजल्यावरच्या कुंदा तळवडेकरांच्या कानावर ते पडलं, की त्या दार उघडून जिन्यात येत आणि वर बघून विचारत, "कोण म्हणालं धुवायला?" वरून एकेक दार लागल्याचा आवाज तेवढा येई.

तळवडेकरबाई एका प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या रोगांच्या विभागात टेक्निशियन होत्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी साल्मोनेला नावाच्या एका जंतूच्या मागे घालवली. हा जंतू कोंबडीच्या पोटात राहतो. बऱ्याचदा कोंबडीला काहीच होत नाही. ती खाते, ओरडते, रोजच्या रोज अंडं देते. कधी विष्ठेतून तो कवचावर येतो, कधी अंडं तयार होतानाच आत जाऊन बसतो. माणसाने ते कच्चं किंवा अर्धंकच्चं खाल्लं की ताप, जुलाब, आणि म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर जिवावरचं दुखणं. बाई हे कुणालाही, कुठेही सांगत. साखरपुड्यातही सांगत. त्यामुळे साखरपुड्यात त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राही.

त्यांच्या घरात दारापासून हातभर आत, फरशीवर लाल ऑइलपेंटची एक रेषा होती. रस्त्यावरच्या चपला रेषेच्या अलीकडे, घरातल्या पलीकडे. प्लंबर आला तरी सुटका नाही.

"बाई, माझ्या पायांना काय रोग झालाय का?"

"तुझ्या पायांना नाही रे मेल्या, रस्त्याला. काढ."

'स्वच्छ' हा शब्द त्यांना चालत नसे. कुणी म्हणालं, "बघा बाई, कसं स्वच्छ दिसतंय," की त्या म्हणत, "दिसतंय ना? ताटलीवर वाढव, मग बोल." ताटली म्हणजे जंतू वाढवायची काचेची बशी. हे ठाऊक नसलेल्या आमच्या सेक्रेटरींनी एकदा खरोखरच त्यांना ताटात वाढून आणलं होतं.

कोपऱ्यावरच्या शंभूच्या दुकानाची गोष्ट मी स्वतः पाहिलेली. शंभू बादलीत फडकं बुडवून अंडी पुसायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीच बादली, तेच पाणी, तेच फडकं. अंडी मात्र मोत्यासारखी दिसायची. बाईंनी एक दिवस उन्हात तापलेल्या ट्रेमधलं एक अंडं उचललं, त्याच्याच फ्रीजमधल्या गार पाण्यात खायचा लाल रंग कालवला आणि अंडं त्यात सोडलं. मग पदर खोचून तिथेच उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. शंभू म्हणाला, "बाई, माझा धंदा आहे हा, शाळा नाही." बाई हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने अंडं बाहेर काढून शेजारच्या चहावाल्याकडे उकडायला दिलं, सोललं. पांढऱ्यावर लाल ठिपके होते.

"कवचाला हजारो छिद्रं असतात, शंभू. गरम अंडं गार पाण्यात गेलं की आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं पाणी आत ओढतो. रंग आत गेला तसं तुझ्या बादलीत जे काय आहे तेही जातं. कवचावर निसर्गाने एक पातळ थर दिलेला असतो, तोही तू पुसून काढतोस. एका घाणेरड्या अंड्याची घाण तू शंभर अंड्यांना वाटतोस."

शंभू ठिपक्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे मला काय सांगता? त्यांना सांगा ना," आणि हाताने समोरच्या बिल्डिंगा दाखवल्या. त्यात आमचीही होती.

म्हणून बाई माझ्याकडे आल्या. आमच्या घरात पत्रकं म्हणजे रद्दी नव्हे, वाचन होतं. आजोबा गिरणीतले, युनियनची पत्रकं त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलेली. मी अक्षरं गिरवली तीच मुळी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. बाई म्हणाल्या, "तुला लिहिता येतं ना? अंड्यांवर एक पान लिही." मी रात्रभर बसून लिहिलं. नफेखोर व्यवस्था होती, झोपलेलं प्रशासन होतं, जागे व्हा होतं. बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हा जंतू कोणाच्या बाजूचा?" त्यांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही."

"मग ही घोषणा ऐकवतेस कोणाला? वाचणाऱ्या बाईला उद्या सकाळी काय करायचं ते सांग. विशेषणं काढ सगळी."

विशेषणं काढल्यावर सहा ओळी उरल्या. अंडी धुऊन मागू नका. घाण लागली असेल तर कोरड्या कापडाने पुसा, फार लागली असेल किंवा तडा असेल तर घेऊ नका. फ्रीजमध्ये ठेवा. अंड्याला लागलेले हात साबणाने धुवा. पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. कच्चं अंडं कशातही घालू नका. मी आठ दिवस रागात होते. पत्रक घरोघर सरकवलं. लोकांनी त्यावर किराणा मालाच्या याद्या लिहिल्या.

बाईंना मैत्रीण एकच होती, खाडीपलीकडे गोराईत. फिलोमिना. घरामागे जाळी लावलेली शेड, त्यात दोनेकशे कोंबड्या. मंगळवारी आणि शुक्रवारी ती टोपली घेऊन फेरीबोटीने अलीकडे यायची आणि आमच्या व आजूबाजूच्या बिल्डिंगांमध्ये अंडी द्यायची. शनिवारी बाई फेरीने पलीकडे जायच्या. तीस वर्षांपूर्वी गावात कोंबड्या मेल्या तेव्हा बाई नमुने घ्यायला गेल्या होत्या, तेव्हापासूनचा हा शनिवार. त्या काळात मी दोनदा गेले होते. फिलोमिनाच्या पडवीत बाई वेगळ्याच दिसायच्या. पाय वर घेऊन बसायच्या, मोठ्याने हसायच्या, बोंबलाचं कालवण दोनदा मागून घ्यायच्या.

"कुंदा गो, तुझ्या जंतूला सांग, आज शनिवार, सुट्टी घे," फिलोमिना म्हणायची. "देवाने धडधाकट अंडं दिलं, त्यात तू भोकं शोधतेस."

"भोकं देवानेच दिली. पिल्लाला श्वास घ्यायला."

"मग पिल्लालाच विचार ना, माझं डोकं का खातेस?"

एवढं बोलून ती स्वतःच हसायची. पण शेडच्या दाराशी चुन्याचं पाणी भरलेला ट्रे तिने ठेवला होता, पाय बुडवून आत जायला. बाईंनी सांगितलं म्हणूनच ठेवला होता.

मग मागच्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचा वाढदिवस आला. आईने मोबाइलवर बघून चॉकलेटचं पुडिंग केलं. न शिजवता, कच्ची अंडी फेटून. मजल्यावरच्या आणि ओळखीच्या सगळ्यांना बोलावलं. तळवडेकरबाईंना बोलावलं नाही. "त्या प्रत्येक वाटीत डोकावतील," आई म्हणाली, आणि मी हसले. ते हसू मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून माणसं पडायला लागली. सात जण. शेवटच्या फ्लॅटमधल्या आजोबांना ॲडमिट करावं लागलं. त्यांच्या तपासणीत साल्मोनेला निघाला. बाई आमच्या दारात आल्या, चपला बाहेर काढल्या आणि आईला एकच प्रश्न विचारला, "अंडी कोणाची?"

आई म्हणाली, "फिलोमिनाची."

मी बाईंकडे बघत होते. त्या आमच्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. त्यांना गप्प बसता आलं असतं. बिल्डिंगमध्ये कुणालाच अंड्यांचा संशय नव्हता, लोक पाण्याच्या टाकीला शिव्या घालत होते. टाकी साफ झाली असती आणि विषय संपला असता.

शनिवारी त्या गोराईला निघाल्या तेव्हा मीही गेले. पुडिंग आमच्या घरातलं होतं.

कोंबड्यांमध्ये हा जंतू आहे का हे बघायची एक साधी रीत आहे. बुटांवर ओल्या गॉजचे मोजे चढवायचे आणि शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. जमिनीवर जे असेल ते मोज्यांना लागतं. मग मोजे निर्जंतुक पिशवीत बंद करून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत द्यायचे. बाईंनी पडवीत बसून मोजे चढवले. फिलोमिना कालवण ढवळत होती.

"हे काय गो, आज कामावर आलीस?"

बाईंनी आजोबांचं सांगितलं. फिलोमिनाच्या हातातला चमचा थांबला. "माझ्या कोंबड्या बघ तरी. एक तरी मलूल आहे?"

"मलूल दिसायची गरज नसते, फिलू. तुला माहितीये."

बाई शेडमध्ये गेल्या. भाताच्या तुसावरून हळूहळू, पाय घासत चालल्या. कोंबड्या त्यांच्या ओळखीच्या, बाजूला व्हायलाही तयार नव्हत्या. खाद्याच्या पोत्यांमागे त्यांना उंदरांच्या लेंड्या दिसल्या. आणि शेडमागे, विहिरीच्या कडेला, बादली. तिच्यात फडकं.

"तू माझ्या माघारी अंडी धुतेस?" बाई म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की मला कसाबसा ऐकू आला.

"मग काय करू?" फिलोमिना ओरडली. "तुझ्या बिल्डिंगवाल्या नाक दाबतात, अंडं बोटाने उलटं करून बघतात! तुझ्या तोंडाकडे बघून घेणार आहेत काय त्या? तू पगार घेतलास गो, आता पेन्शन घेतेस. मी टोपली रिकामी करून घरी यायला बघते."

याचं उत्तर द्यायला हवं होतं ते आमच्या बिल्डिंगने.

पाच दिवसांनी प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याने बाईंना फोनवर फोटो पाठवला. लाल बशी, तिच्यावर काळ्या बुबुळाचे ठिपके. साल्मोनेला असाच दिसतो. बाईंनी फोन टेबलावर उपडा ठेवला. चहा ठेवला, तो उतू गेला. गॅस मी बंद केला.

शनिवारची वाट न बघता त्या गोराईला गेल्या, मीही बरोबर होते. फिलोमिनाने तोवर खाद्यवाल्याकडून औषधाचं पाकीट आणून ठेवलं होतं. पाच दिवस पाण्यातून द्यायचं, सगळं ठीक होतं, असं त्याने सांगितलं होतं.

"दबेल, जाणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि औषध अंड्यात उतरेल. फिलू, हा कळप ठेवता येणार नाही. एकही नाही."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि अंडं एकही बाहेर जायचं नाही, आजपासून."

"तू कागद दाबून ठेव ना गो. मी औषध देते, उंदीर मारते, बादली फोडते. तीस वर्षं झाली, कुंदा. कधी काही मागितलं?"

बाई म्हणाल्या, "आजोबा अजून हॉस्पिटलात आहेत."

फिलोमिना आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बाई पडवीच्या पायरीवर बसल्या. मी म्हटलं, "चला बाई." त्या म्हणाल्या, "थांब जरा. येईल ती." ती आली नाही.

घरी परतल्यावर बाईंनी खालच्या नोटीस बोर्डावर स्वतःच्या हाताने लिहून लावलं, की फिलोमिनाकडची घेतलेली अंडी टाकून द्या, आणि त्याखाली, 'अंडी धुऊन मागणारे आपणच आहोत, हेही लक्षात ठेवा.' पहिलं वाक्य एका तासात खाडीच्या अलीकडल्या सगळ्या बिल्डिंगांत पोचलं. दुसरं त्याच बोर्डावर राहिलं. 'ती गोराईवाली, रोगट अंड्यांची,' असं माझ्याच मजल्यावर लोक बोलू लागले. सात माणसं आजारी पडली त्याला कच्चं पुडिंग कारण होतं, उंदीर कारण होते, बादली कारण होती आणि ती बादली भरायला लावणारे आम्ही कारण होतो. लोकांनी यातली एक बाई तेवढी निवडली.

आजोबा बरे होऊन घरी आले. कोंबड्या गेल्या. कशा आणि कुठे, हे लिहायला बाईंनी मला मना केलं आहे.

मग बाईंनी एका वहीच्या पानावर पुढचं काम लिहिलं. तूस सगळं बाहेर, शेड घासून धुवायची, सुकवायची, जंतुनाशक मारायचं, पुन्हा सुकवायची. काही आठवडे रिकामी ठेवायची. खाद्य झाकणाच्या पिंपात, जाळीची भोकं बुजवायची, उंदीर आत येता कामा नये. नवीन तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या कोंबड्या, घ्यायच्या त्या लस दिलेल्याच, सगळ्या एकाच वेळी. घरट्यात रोज कोरडा पेंढा, दिवसातून तीन-चारदा अंडी उचलायची. पाण्याची बादली शेडच्या आसपास नको. ते पान त्यांनी फिलोमिनाच्या दाराच्या कडीत खोचलं. दार बंदच होतं.

फिलोमिनाने त्यातली एकेक गोष्ट केली. हे मला दिसलं म्हणून मी सांगू शकते. पिंपं आली, जाळी आली, नवीन कोंबड्या आल्या. कडीतलं पान कधी काढून घेतलं ते मात्र कुणी पाहिलं नाही. ती बाईंशी बोलली नाही. एक अक्षरही नाही.

बाईंचा शनिवार रिकामा झाला. तेव्हा कळलं की त्यांच्या आठवड्यात तेवढाच एक दिवस होता. बाकीचे सहा त्या त्याच्याकडे सरकत होत्या. गावाकडून भावाचा फोन गणपतीच्या आधी एकदा येई, बस. शनिवारी दुपारी त्या जेवायच्या वेळी गॅलरीत येऊन उभ्या राहत आणि मग आत जाऊन काहीतरी खात. मी कधी विचारलं, "बाई, वर या जेवायला," तर म्हणत, "तुझी आई कशाला त्रास घेईल?" माझी आई त्यांच्या नजरेला नजर देत नाही, हे त्यांना माहीत होतं.

महिन्यातून एका शनिवारी मात्र त्या अजून गोराईला जातात. नवीन कळपाचे नमुने घ्यायला. आतापर्यंतचे सगळे अहवाल चांगले आले आहेत. पहिला चांगला अहवाल आला त्या दिवशी त्यांनी नोटीस बोर्डावर दुसरा कागद लावला: 'फिलोमिनाचा कळप तपासला आहे. तिच्याकडून अंडी घ्या.' दोन दिवसांत त्याच्यावर पार्किंगची नोटीस लागली. मी ती काढली, पुन्हा लागली. सेक्रेटरींशी मी जे भांडले ते इथे लिहीत नाही. बिल्डिंगने अंडी आता ॲपवरून मागवायला सुरुवात केली आहे. डब्यात येतात, पांढरीशुभ्र. कुठल्या शेडमधून येतात, तिथे कुणी मोजे घालून चालतं का, हे कुणी विचारत नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले होते. बाई कुंपणाबाहेर दगडावर बसून बुटांवर प्लास्टिकची आवरणं चढवत होत्या. इलॅस्टिक दोनदा सुटलं. फिलोमिना घरातून आली, शेडची कडी काढली, आमच्याकडे न बघता पुन्हा आत गेली. टोपली पडवीत होती, अर्धीअधिक भरलेली, आणि वार शनिवार होता. शुक्रवारची अंडी खपली नव्हती.

दाराशी चुन्याचा ट्रे होता. पाणी ताजं, दुधासारखं, त्यावर एक पानसुद्धा पडलेलं नव्हतं. नुकतंच बदललेलं. बाई त्याच्याकडे बघत क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पाय बुडवले, दाराच्या आत त्यांवर गॉजचे मोजे चढवले आणि कोंबड्यांमधून चालू लागल्या, पाय घासत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक फेरी पुरते. त्यांनी दुसरी घातली. मग तिसरी. घराच्या खिडकीत पडद्यामागे कुणीतरी उभं होतं. बाईंची पाठ तिकडे होती. वळल्या तेव्हा खिडकी रिकामी होती. मोजे पिशवीत घालून त्यांनी तोंड बांधलं, तारीख लिहिली आणि दाराची कडी लावून घेतली.

तुम्ही बोरिवलीच्या बाजूला राहत असाल, तर येत्या शनिवारी गोराईला जा. फेरीतून उतरल्यावर कोंबड्यांवाल्या फिलोमिनाचं घर कुणीही दाखवेल. तिच्याकडून डझनभर अंडी घ्या, असतील तशी. घेताना तिला एवढंच सांगा, "कुंदाने पाठवलंय." ते खरंच आहे, बोर्डावरच्या कागदात त्यांनी 'तिच्याकडून अंडी घ्या' असंच लिहिलं होतं. मग ती काय म्हणते ते नीट ऐकून घ्या. काही न म्हणता आत निघून गेली तरी तसंच लक्षात ठेवा. आणि परत येताना आमच्या तळमजल्यावर थांबून बाईंना सांगा. त्या विचारणार नाहीत. तुम्हीच सांगा.